पोरं तशीही वाढतातच, मग आपण काय केलं?

धुळे-नंदुरबारकडं लहान मुलांसोबत काम करणाऱ्या छोट्या संस्थांच्या रिपोर्टात एक वाक्य हमखास सापडतं, जूनमध्ये मुलं मोजकेच शब्द बोलायची, आता भरपूर बोलतात. वाचून बरं वाटतं, आमच्या रिपोर्टातही हेच असायचं. पण दीड वर्षाचं पोर अडीच वर्षाचं झालं की ते बोलायला लागतंच, दर आठवड्याला घरी जाऊन खेळ शिकवणारी आपली ताई जावो न जावो, आणि शेजारच्या पाड्यावरचं पोरही तितकंच बोलत असेल तर आपल्यामुळे काय झालं ते या आकड्यातून कळत नाही.

बरं, हे काम मुळात उपयोगी आहे का, हे आपण पहिल्यापासून सिद्ध करत बसायची गरज नाहीये. जमैकात किंग्स्टनला १९८६-८७ मध्ये संशोधक सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढ खुंटलेली १२९ मुलं घेतली, त्यातल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला एक तास, अशी दोन वर्षं जात होती आणि आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवत होती. खेळणी घरगुती, टाकाऊ वस्तूंची. वीसेक वर्षांनी बघितलं तर या मुलांची कमाई बाकीच्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली! ओडिशातल्या गावांमध्येही ही पद्धत तपासली, घरोघरी जाऊन आणि आयांचे गट करून, दोन्हीकडे मुलांच्या बौद्धिक विकासात फरक दिसला आणि गटाला खर्च कमी आला.

मग आपण काय तपासायचं? तर आपल्या पाड्यावर जे पोचतंय ते तेच आहे का. एकदा मी एका ताईसोबत भेटीला गेलो. ताई मायाळू, पोरगं लगेच मांडीवर, दोघांनी झाकणं एकावर एक रचली, पडली की पोरगं खदखदून हसायचं, आणि आई चुलीपाशी, हात पिठात, लांबूनच बघत होती. बारा मिनिटांत भेट संपली, रजिस्टरला टिक. आता ताई जाणार आठवड्यातून एकदा, आई असते रोज, म्हणून झाकणं आईच्या हातात जायला हवी होती, सगळा फायदा तिथंच आहे, आणि आमच्या रजिस्टरात ते विचारणारा रकानाच नव्हता. आता तीन गोष्टी लिहितो, किती मिनिटं, कोण खेळलं, मागच्या आठवड्याचा खेळ घरी परत झाला का. छोट्या संस्थेला हे बिनखर्चात जमतं आणि मला तरी सगळ्यात मोलाचं हेच वाटतं.

दुसरं भाषेचं. शिरपूरकडं मुलाचं चित्र दाखवून हे कोण विचारलं, पोरगी म्हणाली "आंडोर", आणि तपासणाऱ्याने चूक मारली, कारण कागदावर उत्तर "मुलगा" होतं. अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगाच की! सातपुड्यात पावरी, भिली बोलणाऱ्या घरांत तर मराठीत विचारलं की पोर गप्पच बसतं, तेच आजीने आपल्या बोलीत विचारलं की घडाघडा बोलतं. चाचणी पोराची झाली पाहिजे, प्रमाण मराठीची नाही.

तुलना करायची असेल तर सोपा मार्ग आहे. समजा बारा पाडे आहेत आणि या वर्षी माणसं सहा पाड्यांपुरतीच, तर कुठून सुरुवात करायची ते सगळ्यांसमोर चिठ्ठ्या टाकून ठरवा, उरलेल्या सहांना पुढच्या वर्षी, म्हणजे कोणी कायमचं वंचित राहत नाही आणि वर्षभर तुलनेला पाडे मिळतात. सोयीचे रस्त्यालगतचे पाडे आधी घेतले की तुलना तिथंच बिघडली. आणि एका पाड्याची पंधरा पोरं म्हणजे पंधरा वेगळे पुरावे नाहीत, त्यांची अंगणवाडी एक, पाणी एक, मजुरीची वेळ एक. म्हणून बारा पाड्यांवरून कार्यक्रम यशस्वी असं ठासून लिहू नये, देणगीदार कितीही मागे लागला तरी.

आणि मोजणी कधी करायची? आम्ही पहिली दिवाळीआधी केली, दुसरी जानेवारीत, आणि यादीतली कितीतरी घरं बंद, सगळे गुजरातमध्ये ऊसतोडीला. जी पोरं सापडली त्यांचे आकडे छान आले, न सापडलेली मात्र सगळ्यात हातावर पोट असलेल्या घरांतली होती, ज्यांच्यासाठी हे काम काढलं तीच. होळीला मात्र लांब गेलेला माणूसही पाड्यावर येतो, म्हणून आता दुसरी मोजणी होळीच्या आठवड्यात ठेवलीये, आणि तेव्हाही जे पोर भेटणार नाही त्याचं नाव यादीतून खोडायचं नाही, पुढं लिहायचं, कुठं गेलंय ते.