शहाणपणाला गुण कोण देणार?

‘एका १५ वर्षांच्या मुलीला लगेच लग्न करायचं आहे. तिने कशाचा विचार करावा, काय करावं?’

बर्लिनच्या माक्स प्लांक मानवविकास संस्थेत मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस आणि त्यांचे सहकारी शहाणपण मोजण्यासाठी लोकांना असे प्रश्न विचारत. उत्तर देणाऱ्याने मनात येईल ते मोठ्याने बोलायचं. मग प्रशिक्षित परीक्षक त्या बोलण्याला पाच निकषांवर १ ते ७ गुण देत. आयुष्याची जाण किती, मार्ग काढण्याची समज किती, माणसाच्या परिस्थितीचा आणि वयाच्या टप्प्याचा विचार केला का, दुसऱ्याची मूल्यं वेगळी असू शकतात हे ध्यानात घेतलं का, आणि पुढचं सगळं आपल्याला कळत नाही याचं भान आहे का.

‘छे, या वयात लग्न साफ चूक’ एवढंच म्हणणाऱ्याला कमी गुण. ‘सहसा चूकच; पण मुलगी मरणाच्या दारात असेल, आईवडील गेले असतील, किंवा ती वेगळ्या समाजातली असेल तर?’ असं विचारणाऱ्याला जास्त.

इथे मी अडखळतो. बीडमध्ये ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतली लग्नं थांबवणारी एखादी कार्यकर्ती तोंडातून पहिला शब्द काढेल तो ‘नाही’ हाच. कायद्याने मुलीचं वय १८ हवं, आणि असा संसार पुढे कुठे जातो हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. तिचा नकार अनुभवातून आलेला आहे. ती तेवढ्यावरच थांबली तर मात्र या मोजपट्टीवर ती मागे पडेल. मोजपट्टीच्या बाजूनेही बोलायला हवं: ती निर्णयाला नव्हे, विचाराला गुण देते. त्याच बाईला ‘का?’ असं विचारून बोलतं केलं, तर शाळा, कर्ज, कोयता, मुलीला मागे कुणाकडे ठेवायचं ही आईची काळजी, सगळं ती उलगडून सांगेल.

दुसरी पद्धत प्रश्नावलीची. समाजशास्त्रज्ञ मोनिका आर्डेल्ट यांच्या २००३च्या चाचणीत ३९ विधानं आहेत. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले मनोविकारतज्ज्ञ दिलीप जेस्ते यांच्या गटाने सॅन डिएगोत २०१७मध्ये २४ विधानांची चाचणी तयार केली. ही पद्धत सोपी आणि झटपट आहे, पण तीत माणूस स्वतःलाच गुण देतो. आणि ज्याला आपल्या उणिवा दिसतात तो हात आखडताच घेणार. १२ देशांतल्या लोकांवरचा एक अभ्यास २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शहाण्या माणसाच्या दोन बाजू सगळीकडे सारख्याच आढळल्या: नीट विचार करणं आणि दुसऱ्याचं मन ओळखणं. विचाराच्या बाबतीत लोकांनी स्वतःला बहुतेक शहाण्या माणसांपेक्षा कमी लेखलं. मन ओळखण्याच्या बाबतीत मात्र त्यांना एवढा संकोच वाटला नाही.

वय वाढलं की शहाणपण वाढतं, हेही सगळीकडे दिसत नाही. मानसशास्त्रज्ञ इगोर ग्रॉसमन यांच्या गटाने २५ ते ७५ वयाच्या अमेरिकी आणि जपानी लोकांना भांडणतंट्यांच्या गोष्टी देऊन पुढे काय होईल ते विचारलं. अमेरिकेत वयाबरोबर शहाणा विचार वाढत गेलेला दिसला. जपानमध्ये तशी वाढ नव्हती, कारण तिथले तरुण आधीच पुढे होते. नाती सांभाळायचा सराव त्यांना लहानपणापासून असतो, असं संशोधकांना वाटतं.

मला सर्वांत भावलेला अभ्यास २०००चा, ताकाहाशी आणि बोर्दिया यांचा. अमेरिकी आणि ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्यांच्या मनात ‘शहाणा’ या शब्दाच्या सर्वांत जवळ ‘अनुभवी’ आणि ‘जाणकार’ होते. भारतीय आणि जपानी विद्यार्थ्यांच्या मनात ‘जपून, तारतम्याने वागणारा’. मराठीत तर हुशार वेगळा, शहाणा वेगळा आणि पोक्त त्याहून वेगळा. ‘त्याला पोच नाही’ असं आपण चांगल्या शिकलेल्या माणसाबद्दलही म्हणतो. ही पोच कुठल्या विधानाने मोजायची?

आणि बर्लिनचा तो प्रश्न मराठीत विचारायचा, तर त्याचं पहिलंच वाक्य बदलावं लागेल. मुलीला लग्न करायचं आहे, असं नाही. ‘एका १५ वर्षांच्या मुलीचं लग्न घरच्यांनी ठरवलं आहे.’