डिस्टिल्ड वॉटर गळलं तर कॉम्प्युटरला खरंच धोका नाही?

वॉटर कूलिंगचा, म्हणजे आतले तापणारे भाग पाणी फिरवून थंड करणारा, पहिला कॉम्प्युटर जोडणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला असा: 'लूपमध्ये (पाणी फिरतं त्या बंद मार्गात) डिस्टिल्ड वॉटर भरा, त्यातून वीज वाहत नाही, गळलं तरी काही होत नाही.'

यातला वीज न वाहण्याचा भाग बराचसा खरा आहे. शुद्ध पाण्यातून वीज अगदी नगण्य वाहते. ती वाहते मुख्यतः पाण्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. पण लूपमध्ये पाणी शुद्ध राहत नाही. तांब्याचा वॉटरब्लॉक (तापणाऱ्या चिपवर बसणारा, तिची उष्णता पाण्यात उतरवणारा ठोकळा), पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरमध्ये उरलेला फ्लक्स (डाख देताना वापरलेलं रसायन), गंज रोखायला घातलेली रसायनं, या सगळ्यांतून आयन, म्हणजे वीज वाहून नेणारे भारित कण, पाण्यात उतरतात. शिवाय मदरबोर्डवरची धूळ ओली झाली की तिच्यातले क्षारही विरघळतात, आणि हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

पडताळा घरीच घेता येतो. आरओ दुरुस्तीवाल्यांकडे असतो तो, पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर बाटलीतल्या ताज्या पाण्यात बुडवा, आकडा शून्याजवळ येईल. काही महिन्यांनी लूपमधलं पाणी मोजा, तो चढलेला दिसेल.

म्हणून गळतीची चाचणी आधी. मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाच्या पॉवर केबल काढून फक्त पंप चालवा, प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवा आणि काही तास थांबा. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं, त्यानंतरच. चालू मशीनमध्ये थेंब दिसला तर भिंतीवरचं बटण लगेच बंद करा, आणि सगळं पूर्ण वाळेपर्यंत पुन्हा चालू करू नका.