त्रिकाल (हिंदी चित्रपट)

गोव्यातील पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या दिवसांत एका श्रीमंत ख्रिस्ती भाटकार (जमीनदार) घराण्यात काय घडले, हे सांगणारा श्याम बेनेगल यांचा चित्रपट (१९८५). कथानक १९६१ सालचे आहे. त्या वर्षी १८ आणि १९ डिसेंबरला भारतीय सैन्याने ‘ऑपरेशन विजय’ मोहीम पार पाडली आणि ४५१ वर्षांचा अंमल संपला. तरीही हा लढाईचा चित्रपट नव्हे. मुक्तीची चाहूल इथे वाड्याच्या भिंतींआडून, जेवणाच्या टेबलावरच्या वादांतून आणि दबक्या आवाजातल्या बातम्यांतून लागते.

चोवीस वर्षांनी गावी परतलेला रुईझ परेरा (नसीरुद्दीन शाह) ओसाड पडलेल्या वाड्यात शिरतो आणि त्याच्या आठवणींतून गोष्ट उलगडते. घराचा कर्ता एर्नेस्तो नुकताच वारलेला असतो. त्याची विधवा दोना मारिया सौझा सुआरिस (लीला नायडू) हे मरण मान्यच करत नाही. इकडे नात आना हिचा साखरपुडा पोर्तुगालहून आलेल्या एरास्मोशी (लकी अली) व्हायचा असतो. घर सुतकात असल्यामुळे तो लांबतो. आनाचे मन मात्र लिओनवर (दलीप ताहिल) असते, आणि पोर्तुगीजांना हवा असलेला हा क्रांतिकारक त्याच घरात लपलेला असतो. घराबाहेरचा उठाव असा थेट घराच्या पोटात येऊन बसतो. नीना गुप्ता यांची मिलाग्रेनिया ही एर्नेस्तोची अनौरस मुलगी. ती त्याच घरात मोलकरीण म्हणून राबते. तिच्याबाबतीत आपण केलेल्या अपराधाचा सल रुईझला इतक्या वर्षांनीही सोडत नाही.

नवऱ्याचा आत्मा बोलवावा म्हणून दोना मारिया मिलाग्रेनियाला माध्यम करून बसते, पण येतो भलताच. घराण्याच्या पूर्वजांमुळे जिवाला मुकलेला बंडखोर राणे (कुलभूषण खरबंदा) समोर उभा राहतो. चित्रपटाचे खरे मर्म इथे आहे, आणि मराठी प्रेक्षकाला ते चटकन भिडते. सत्तरी तालुक्यातल्या राण्यांची बंडे हा गोव्याच्या इतिहासातला ठसठशीत भाग आहे. महसूल आणि वतनी हक्कांवर सरकारचा हात पडू लागला तेव्हा दिपाजी राण्याने २६ जानेवारी १८५२ रोजी नाणूसचा किल्ला घेऊन बंड पुकारले. ते काही वर्षे चालले. १८७० च्या आसपास कुष्टोबा राणे उठला. १८९५ मध्ये परदेशी मोहिमेवर जायला नकार देणाऱ्या शिपायांच्या बंडाला दादा राण्याची साथ मिळाली. राणेही गरीब कुळे नव्हेत, मोकाशांचे (इनाम गावांचे) धनीच होते. म्हणजे एक जमीनदार घर सरकारशी भांडून संपते, तर दुसरे सरकारच्या छायेत वाढते आणि १९६१ ला तीच छाया हरवून बसते. लोटली गावातल्या या वाड्याच्या साल्यात (दिवाणखान्यात) सत्तरी शिरते ती भुताच्या रूपाने. गोव्याचा मराठी-हिंदू भाग या चित्रपटात मुख्यतः असाच येतो, आणि ती त्याची मर्यादाही म्हणता येईल.

चित्रीकरण साष्टीतील लोटली गावात, व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांच्या वडिलोपार्जित घरात झाले. नेपथ्य उभारून हे साधले नसते. ऐसपैस साला, जुने लाकूडसामान, घरातला देव्हारा आणि अंधाऱ्या खोल्या यांनाच पात्रांचे मोल आले आहे. छायाचित्रकार अशोक मेहता यांनी कित्येक प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात टिपले. त्यामुळे आत्मे बोलावण्याचे प्रसंग भयपटासारखे न वाटता घरातल्याच नेहमीच्या काळोखासारखे वाटतात. संगीत वनराज भाटिया यांचे. रेमो फर्नांडिस यांनी यात गायलेही आहे आणि ते पडद्यावरही दिसतात. संवाद हिंदीत असल्याने कोंकणी-पोर्तुगीज बोलणाऱ्या या घराचा बाज थोडा हरवतो, ही तक्रार गोव्यातल्या प्रेक्षकाने केली तर ती रास्तच आहे.

लीला नायडू बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर पडद्यावर आल्या होत्या. ३३ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत बेनेगल यांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचा, तर सबा झैदी यांना वेशभूषेचा पुरस्कार मिळाला.

कथानकातल्या रुईझच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात गोव्यात १९६४ चा कृषी कुळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा आला. भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराला घरातून हुसकावणे त्यानंतर सोपे राहिले नाही. चित्रपट या कायद्यांबद्दल काही बोलत नाही; तो फक्त वाड्याचा ओसाड बल्कांव (दारापुढची ओसरी) दाखवतो.