मॅग्नेटिक नॅनोपार्टिकल्सचे बायोटेक आणि मेडिकलमधले उपयोग

मॅग्नेटिक नॅनोपार्टिकल्स म्हणजे चुंबकाने ओढले जाणारे, साधारण १ ते १०० नॅनोमीटरचे कण. औषधोपचारात बहुतेक वेळा आयर्न ऑक्साइडचेच कण वापरतात, मॅग्नेटाइट नाहीतर मॅगहेमाइट, कारण शरीर ते हळूहळू विरघळवून त्यातलं लोह आपल्या साठ्यात घेतं. कोबाल्ट, निकेलही चुंबकीय आहेत पण विषारी पडतात.

खरी गोष्ट आकारात आहे. मॅग्नेटाइटचा कण साधारण २०-२५ नॅनोमीटरच्या खाली गेला की सुपरपॅरामॅग्नेटिक होतो, म्हणजे मॅग्नेट जवळ आणला की ओढला जातो आणि लांब नेला की त्याचं चुंबकत्व उरतच नाही, त्यामुळे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होत नाहीत. हा गुण नसता तर असे कण रक्तात सोडायचा विचारही कोणी केला नसता. वर डेक्स्ट्रान (एक प्रकारची साखरेची साखळी), पेग (पाण्यात विरघळणारं पॉलिमर) किंवा सिलिकाचं कोटिंग असतं आणि त्यावर हवी ती अँटिबॉडी, म्हणजे ठराविक रेणूलाच जाऊन चिकटणारं प्रथिन, जोडता येते.

सगळ्यात भरवशाचं काम मात्र शरीराबाहेर, लॅबमध्ये चालतं. असे खूप कण भरलेले मॅग्नेटिक बीड्स नमुन्यात टाकायचे, डीएनए-आरएनए त्यांच्या सिलिकाला चिकटतो, मग बाजूला मॅग्नेट लावून बीड्स धरून ठेवायचे आणि बाकीचं पाणी काढून टाकायचं, सेंट्रिफ्यूज, म्हणजे नमुना गरगर फिरवून घटक वेगळे करणारं यंत्र, लागतच नाही म्हणून हे काम मशीनवर सोपवता येतं. कोविडच्या आरटी-पीसीआरसाठी आरएनए वेगळा करायला हीच पद्धत जगभर वापरली. रक्तातून सीडी३४ ही खूण अंगावर असलेल्या स्टेम सेल्स (रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी) वेचायलाही हेच तत्त्व.

शरीरात एमआरआयमध्ये हे कण जिथे जमतात तो भाग काळा दिसतो. लिव्हरमधल्या कुप्फर पेशी (बाहेरचे कण गिळणाऱ्या संरक्षक पेशी) कण गिळतात, ट्यूमरमध्ये त्या पेशी नसल्यासारख्याच, म्हणून गाठ उठून दिसते. फेरुमॉक्सिटॉल या आयर्न ऑक्साइड कणांच्याच औषधाला अमेरिकेत २००९ मध्ये मान्यता मिळाली ती किडनीच्या पेशंटच्या ॲनिमियासाठी, पण त्याने गंभीर ॲलर्जी होऊ शकते म्हणून देताना लक्ष ठेवावं लागतं.

हायपरथर्मियामध्ये, म्हणजे गाठ तापवून करायच्या उपचारात, कण ट्यूमरमध्ये टोचून बाहेरून साधारण १०० किलोहर्ट्झचं बदलतं चुंबकीय क्षेत्र देतात, कण तापतात आणि ४२-४५ अंशाला कॅन्सरच्या पेशी रेडिएशनला जास्त बळी पडतात. कल्पना १९५७ ची आहे.

औषध मॅग्नेटने नेमक्या जागी ओढून न्यायचं, हे ऐकायला सगळ्यात छान वाटतं पण तेच सगळ्यात अवघड, कारण अंतर वाढलं की चुंबकाची ओढ झपाट्याने कमी होते, धमनीतलं रक्त जोरात वाहतं आणि बरेचसे कण आधीच लिव्हर आणि प्लीहा गिळून टाकतात.