क्वार्ट्झच्या ओट्याची धूळ आणि मास्कची जबाबदारी

स्वयंपाकघरातला क्वार्ट्झचा ओटा हा खाणीतून कापून आणलेला दगड नसतो. क्वार्ट्झचा चुरा रेझिनमध्ये (चिकट राळेत) दाबून त्याच्या लाद्या बनवतात, आणि त्यांत स्फटिकी सिलिकाचं, म्हणजे क्वार्ट्झ ज्याचं बनलेलं असतं आणि ज्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते त्या खनिजाचं, प्रमाण ९०% च्याही वर जाऊ शकतं. ग्रॅनाइटमध्ये ते साधारण ३०% च्या आसपास असतं, तर सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टमध्ये अगदी नगण्य. त्यामुळे काळ्या दगडावर जन्म काढलेल्या पाथरवटाला काही झालं नाही, म्हणून ओटा कापणारा कारागीरही सुरक्षित आहे असं मानणं घातक ठरतं. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून असा कृत्रिम दगड बनवण्यावर, विकण्यावर आणि बसवण्यावर बंदीच घातली. आपल्याकडे मात्र तो तोंडाला रुमाल बांधून, कोरड्या ग्राइंडरने कापला जातो.

डोळ्यांना दिसणारी पांढरी धूळ नाकात, घशात अडकते. खरा धोका सुमारे ४ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कणांचा. ते थेट फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत आणि स्वतःच मरतात. त्या जागी व्रण साठत जातात. हाच सिलिकोसिस. त्यावर रोग बरा करणारं औषध नाही, काम सोडल्यावरही तो वाढू शकतो आणि क्षयरोगाला वाट करून देतो.

१९४८ च्या जुन्या कारखाना कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत या बारीक धुळीची मर्यादा एका सूत्राने दिली होती: १० भागिले (क्वार्ट्झची टक्केवारी अधिक २), उत्तर दर घनमीटरला मिलिग्रॅममध्ये. ३०% क्वार्ट्झ असेल तर मर्यादा येते ०.३१, ९०% असेल तर फक्त ०.११. आता समजा, क्वार्ट्झच्या ओट्याच्या कोरड्या कापणीत हवेत दर घनमीटरला ३ मिलिग्रॅम बारीक धूळ आहे. एन९५ प्रकारचा, नाक-तोंड झाकणारा अर्धमुखी मास्क नीट बसला तर आतली धूळ बाहेरच्या एक दशांश होते, असं धरून मास्क निवडतात. म्हणजे आत ०.३ मिलिग्रॅम, ०.११ च्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट! मास्क उत्तम, कारागीर शिस्तीचा, तरी फुफ्फुसं उघडी. म्हणून मास्कच्या आधी धूळच कमी करावी लागते: चकतीवर सतत पाणी सोडणं, ग्राइंडरला धूळ ओढणारं हूड लावणं, कापणीची जागा वेगळी ठेवणं. हे काम मालकाचं आहे. मास्कचं खोकं उघडून दिलं की जबाबदारी संपली, ही समजूत सगळ्यात जास्त नुकसान करते.

‘एन९५’ मधले ९५ म्हणजे सुमारे ०.३ मायक्रॉनचे किमान ९५% कण अडवण्याची क्षमता. गाळणीच्या तंतूंवर विद्युतभार असतो आणि तोच बारीक कण खेचून धरतो. मास्क साबणाने धुतला की हा भार जातो, वरून मास्क मात्र धडधाकट दिसतो. धूळ भरून श्वास जड झाला की हवा गाळणीऐवजी कडेच्या फटीतून आत शिरते. तेव्हा मास्क बदलायचाच, मग तो सकाळीच नवा काढलेला असला तरी.

फट हेच मास्कचं खरं दुखणं. दाढीचे खुंटही पुरेशी फट ठेवतात, म्हणून कामाच्या दिवशी गुळगुळीत दाढी हवी. खालचा पट्टा कानांखालून मानेवर, वरचा डोक्याच्या मागे उंचावर. दोन्ही मानेवर ओढले तर मास्क हनुवटीकडे सरकतो. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबावी, एका हाताने चिमटली तर मधोमध टोक येऊन बाजूला वाट राहते. मग तळव्यांनी मास्क झाकून जोरात श्वास आत घ्यावा. मास्क चेहऱ्याकडे ओढला गेला पाहिजे, कडेने वारा लागता कामा नये. ही तपासणी दर वेळी. शिवाय मालकाने सुरुवातीलाच प्रत्येकाची बसणी-चाचणी करून घ्यावी: मास्क लावलेल्या माणसाच्या डोक्यावर टोपडं घालून आत कडू किंवा गोड द्रावणाचा फवारा मारतात, चव लागली तर तो मास्क त्या चेहऱ्याचा नाही, दुसरा आकार पाहायचा.

२०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार सुरक्षेसाठी दिलेल्या गोष्टींचे किंवा व्यवसायजन्य आजार शोधणाऱ्या तपासणीचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. म्हणजे मास्कचे पैसे मजुरीतून कापायचे नाहीत. कामगारानेही दिलेलं साधन नीट वापरायचं, त्यात मोडतोड करायची नाही आणि धोका दिसला तर सांगायचं. पाण्याचा पाइप बंद पडलाय हे सांगणाऱ्याला कामावरून घरी पाठवणारा मुकादम कर्तव्य बजावणाऱ्यालाच शिक्षा करत असतो.

काम संपल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकू नयेत. बसलेली सगळी धूळ पुन्हा नाकासमोर उडते. फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. मास्क सगळ्यात शेवटी, धुळीच्या जागेबाहेर आल्यावर काढावा.

ओटा करून घेणाऱ्यांनीही एक अट घालावी: सिंक आणि शेगडीची भोकं दुकानातच, पाणी सोडत कापून आणा. मापं नीट घेतली तर घरात कोरडा ग्राइंडर चालवायची वेळ फारशी येत नाही.