नावापाशी अडलेला बायोडेटा

कॅनडाला जायच्या तयारीत असलेल्या घरात ‘पॉइंट्स’ हा शब्द दिवसातून दहादा ऐकू येतो. वय, शिक्षण, इंग्रजीची परीक्षा, नोकरीची वर्षं असे गुण मोजून कायम वास्तव्याची परवानगी द्यायची ही पद्धत तिथे १९६७ पासून आहे. गंमत अशी, की सरकार ज्या पदवीला आणि अनुभवाला गुण देतं, त्यांच्याकडेच तिथला मालक साशंकपणे बघतो. का?

मालकाला थेट विचारलं तर गुळगुळीत उत्तर मिळणार. म्हणून टोरांटो विद्यापीठातले अर्थतज्ज्ञ फिलिप ओरिओपोलोस यांनी २००८ साली एक युक्ती केली. अस्तित्वातच नसलेल्या उमेदवारांचे सुमारे ६,००० बायोडेटा त्यांनी टोरांटो परिसरातल्या खऱ्या जाहिरातींना पाठवले. कोणाचं नाव इंग्रजी, कोणाचं भारतीय, पाकिस्तानी किंवा चिनी. कोणाचं शिक्षण नि अनुभव कॅनडातला, कोणाचा मायदेशातला. ही वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केलेली. मग फक्त मोजायचं, मुलाखतीचं बोलावणं कोणाला येतं.

इंग्रजी नाव आणि सगळंच कॅनडातलं असेल, तर शंभरात १६ जणांना बोलावणं. आशियाई नाव आणि सगळंच मायदेशातलं, तर ५. मात्र अनुभव तेवढा कॅनडातला दाखवला, की हा ५ चा आकडा ११ वर जाई. तिथे चार ते सहा वर्षं काम केलेलं असेल, तर पदवी कुठली याने फरक पडत नव्हता. वर आणखी एखादा कॅनेडियन कोर्स जोडूनही नाही. कर्ज काढून दुसरी पदवी घेण्याच्या विचारात असणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

खरा चटका यापुढे आहे. शिक्षण कॅनडातलं, अनुभव कॅनडातला, फक्त नाव आशियाई, तरी आकडा ११ च! आणि ब्रिटनहून आलेल्या उमेदवाराला मात्र परकेपणाचा फटका बसला नाही.

भरती करणाऱ्यांचं म्हणणं, काळजी भाषेची आहे. ती खोटी नसेलही. ग्राहकाशी फोनवर बोलायचं तर बोलणं कळायला हवं. पण मग बायोडेटात इंग्रजीवर प्रभुत्व असल्याचं लिहून पाहिलं, बहुराष्ट्रीय कंपनीतला अनुभव घातला, नामांकित विद्यापीठाची पदवी घातली. काडीचाही फरक पडला नाही. अर्थशास्त्रात याच्या जवळ जाणारी एक कल्पना आहे, सांख्यिकीय भेदभाव: माणसाची माहिती अपुरी असली, की त्याच्या गटाच्या सरासरीवरून अंदाज बांधायचा. इथे तर माहिती त्याच कागदावर होती. माझ्या मते ढीगभर अर्ज उपसणारी नजर नावावरच निकाल लावून मोकळी होत असावी.

या प्रयोगांतल्या आकड्यांची पुढे कंपनीच्या आकारानुसार फोड केली गेली. कॅनडातच शिकलेल्या, पण आशियाई नावाच्या उमेदवाराला इंग्रजी नावाच्या तुलनेत मोठ्या कंपन्यांत सुमारे २० टक्के कमी बोलावणी आली, तर लहान कंपन्यांत सुमारे ४० टक्के कमी. मोठ्या ठिकाणी भरतीचा वेगळा विभाग असतो, निवडीच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. लहान ठिकाणी बहुधा एकच माणूस अर्ज चाळतो.

१ जानेवारी २०२६ पासून ऑन्टारिओत, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथे, नोकरीच्या जाहिरातीत ‘कॅनेडियन अनुभव हवा’ असं लिहायला कायद्याने बंदी आहे. पंचवीसपेक्षा कमी कर्मचारी असलेल्या मालकांना मात्र त्यातून सूट दिली आहे.