खुलासा: ‘23 ला 23’ हा नियम नव्हे

‘मॅनिफोल्ड प्रेशरचे (इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबाचे) इंच आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) शेकड्यापुढे गेले की इंजिन गेलंच’, म्हणजे 2300 आरपीएमला फार तर 23 इंच, हे इंदूरलाही शिकाऊ वैमानिकांच्या कानावर पडतं. चूक आहे. इंदूर विमानतळ सुमारे 1850 फुटांवर, म्हणून बंद इंजिनात, बाहेरच्या हवेचा दाब दाखवणारा गेजचा काटा 28 जवळ. समुद्रसपाटीजवळच्या मुंबईत 2700 आरपीएमवर पूर्ण थ्रॉटल (हवेची झडप) दिला की काटा 28 च्या वर, म्हणजे 27 ओलांडून टेकऑफलाच नियम मोडला!

क्रूझसाठी (स्थिर उंचीवरच्या उड्डाणासाठी) विमानाच्या मॅन्युअलचा तक्ता पाहा. त्यात 2200 ला 23 इंच असेल, तर बिनधास्त वापरा. कमी आरपीएमला घर्षण आणि आवाज कमी. तक्त्याबाहेर मात्र जाऊ नका, तिथे डेटोनेशनचा (सिलिंडरात इंधन स्फोटासारखं पेटण्याचा) खरा धोका आहे. पॉवर वाढवताना आधी मिक्स्चर (इंधन-हवेचं प्रमाण), मग आरपीएम, शेवटी थ्रॉटल. कमी करताना आधी थ्रॉटल.